न उघडणारी बरणी

बरणीवालीला आयुष्यात एकाच गोष्टीचा गर्व होता, झाकणाचा. कप, थाळ्या, फुलदाण्या यांच्या वाटेला ती कधी गेली नाही. मातीच्या बरण्या करायची आणि झाकण असं बसवायची की मध्ये केसही शिरू नये. हस्तकलेच्या त्या मोठ्या प्रदर्शनात मात्र तिची डाळ शिजत नव्हती. परीक्षक मंडळ फोटो बघून निवड करायचं, आणि दरवर्षी तेच गोड पत्र यायचं की काम नीटनेटकं आहे, पण.

यंदा फोटो वन्संनी पाठवले. वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. शिक्षिका होत्या, शाळा सुटली तरी बोलणं सुटलं नव्हतं. त्यांनी मांडणीवरच्या सगळ्या सुबक बरण्या सोडून नेमकी कोपऱ्यातली निळी उचलली. त्या बरणीला झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा लेप, जास्त लागली होती. भट्टीत ती वितळून काठावरून ओघळली होती आणि झाकण चिकटून बसलं होतं. ही नवशिक्याची चूक, म्हणून बरणीवालीने ती कोणाच्या नजरेला पडू नये अशी दडवून ठेवली होती. वन्संना ते ओघळ भारी आवडले. अर्जात कलाकृतीचं नाव विचारलं होतं, तिथे त्यांनी बेधडक ‘मौन’ लिहून टाकलं.

आणि नेमकी हीच निवडली गेली.

“अहो वन्सं, तिचं झाकणच निघत नाही,” बरणीवाली रडकुंडीला आली.

“मग बिघडलं कुठे? तोंड बंद ठेवणाऱ्याला मान मिळतोच.”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

“ऐकून आहे,” वन्सं म्हणाल्या.

नियम कडक होता. वस्तू फोटोत होती तशीच मांडायची, फरक पडला की स्पर्धेतून बाद. पण जिंकणाऱ्याला प्रदर्शनात कायमची जागा मिळणार होती, पुन्हा निवडीच्या चाळणीतून जाणं नाही. त्या जागेवर बरणीवालीचा जीव अडकला. एकदा का ती मिळाली की आपल्या खऱ्या बरण्या मांडू, मग बघू कोण ‘पण’ म्हणतं ते, असा बेत करून ती गप्प बसली.

हॉल एवढा मोठा की या टोकाला हाक मारली तर त्या टोकाला कुजबुज पोहोचावी. शेजारी एका सुताराची तीन पायांची खुर्ची होती आणि तिच्यावर ‘बसू नये’ अशी पाटी. बरणीवालीच्या टेबलावर मध्यभागी निळी, मागच्या फळीवर बाकीच्या. त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. एका गृहस्थाने तर त्यांना टेकून आपली छत्री उभी केली.

“आमच्या भावजयीने आत काय ठेवलंय, ते तिच्या नवऱ्यालाही ठाऊक नाही,” वन्सं आल्यागेल्याला दबक्या आवाजात सांगत होत्या. लोक बरणीला कान लावू लागले. एकाला आत समुद्र ऐकू आला. एका बाईंना तर गहिवरून आलं. त्यांना पाणी द्यावं लागलं. बरणीवालीला हसावं की टेबलाखाली शिरावं ते कळेना.

मग भाषणं सुरू झाली. प्रत्येक कलाकाराने मंचावर येऊन आपल्या कामाबद्दल बोलायचं होतं. “फक्त ‘पोकळी’ म्हण आणि अधूनमधून थांब,” वन्संनी पढवून पाठवलं. निळी बरणी मंचावर, समोर माईक. मुख्य परीक्षकबाईंनी ओळख करून दिली.

“झाकण ही तशी किरकोळ गोष्ट. कुणालाही करता येते. या कलावतीने ते कायमचं बंद करून त्याला अर्थ दिला.”

बरणीवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोकळीबिकळी सगळी विसरली. तिने खिशातून लाकडी कोरणी काढली, तिचा दांडा उलटा धरला आणि झाकणाच्या कडेकडेने ठोकत बरणी फिरवायला लागली. टक, टक, टक. समोर वन्संनी कपाळाला हात लावला. कुठेतरी काचेसारखं काही तडकलं आणि झाकण सुटून तिच्या हातात आलं.

अख्खा हॉल पुढे झुकला. परीक्षकबाई चष्मा सावरत उठल्या आणि त्यांनी आत डोकावून पाहिलं.

“रिकामी आहे,” त्या म्हणाल्या.

“बरणी आहे, बाई. रिकामीच असणार. भरायची तुम्ही.” बरणीवाली म्हणाली. “आणि हे मी बंद केलेलं नाही. चुकून चिकटलं होतं. झाकण कसं असतं ते दाखवते. वन्सं, मागची पांढरी आणा.”

वन्सं पहिल्यांदाच काही न बोलता उठल्या. बरणीवालीने पांढऱ्या बरणीचं झाकण माईकसमोर बरणीच्याच तोंडावर धरलं आणि सोडून दिलं. ते पडलं नाही. आतल्या हवेवर क्षणभर तरंगलं आणि हळूहळू खाली उतरलं. दमलेलं माणूस खुर्चीत बसताना सोडतं तसा एक उसासा शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

ती बाद झाली, आणि कायमची जागा सुताराच्या न बसायच्या खुर्चीला मिळाली. हातातोंडाशी आलेला घास गेला म्हणून वन्सं फुरंगटून बसल्या. बरणीवालीलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. ती बरण्या कागदात गुंडाळायला लागली.

तेवढ्यात परीक्षकबाई एकट्याच टेबलाशी आल्या. त्यांनी पांढऱ्या बरणीचं झाकण उचललं, सोडलं, ऐकलं. पुन्हा उचललं.

“हे आम्हाला आधी का नाही दाखवलंत?”

“दरवर्षी दाखवलं की,” बरणीवाली म्हणाली. “फोटोत आवाज येत नाही.”

बाईंनी झाकण आणखी एकदा सोडून पाहिलं.