पायातला स्पोक

टोचलं ते बारीक होतं, खिळ्याइतकंही नाही... आणि महिपतीला आधी राग आला तो जुन्या फर्निचरवाल्या सीतारामचा. पांढरा रंग फासला, ड्रॉवरला नव्या मुठी लावल्या, आणि पायाच्या आतून निघालेलं तारेचं टोक तेवढं राखून ठेवलं आमच्या बोटांसाठी! म्हात्रे पुलावर सायकल रेटताना त्याचा डावा हात हँडलवर होता आणि उजवा मागे, कॅरिअरवर आडव्या बांधलेल्या ड्रेसिंग टेबलाच्या पायाला धरून. बत्तीस वर्षं तो असाच लोकांचे संसार या शहरात इकडून तिकडे नेत आला होता – चालत, कारण एवढं ओझं बांधल्यावर सायकलवर बसायचं नसतं. आरशाचा माल असेल तर आरसा आतल्या अंगाला आणि वरून गोधडी, नाहीतर ऊन उडतं आणि समोरच्याचे डोळे दिपतात. हे नियम त्याचेच. टेबल विकत घेतलेल्या कर्वेनगरच्या कुणा रुपालीबाईंनी दुपारपर्यंत हवं म्हणून दोनदा फोन केला होता, म्हणून खरं तर थांबायला नको होतं. पण बोट ओलं लागलं, तेव्हा त्याने सायकल कठड्याला टेकवली आणि अंगठ्याने ते टोक चाचपलं.

तार नव्हती ती. टोकाला चपटी टोपी होती, मान वळलेली. सायकलचा स्पोक. टेबलाच्या पायात सायकलचा स्पोक कोण घालतो?

मी घालतो.

नऊ वर्षांपूर्वी, रामटेकडीच्या उतारावर, उल्काच्या लग्नातलं टेबल हडपसरला नेताना – लेकीचं आंदण दुसऱ्या कुणाच्या टेम्पोत घालायचं नाही, मी स्वतः पोचवणार, हा हट्ट माझाच – चाक खड्ड्यात गेलं आणि मागचा पाय कडकन चिरला. बत्तीस वर्षांत दुसऱ्याच्या मालाला ओरखडा नाही, आणि नेमका लेकीच्या! तिथेच रस्त्याच्या कडेला बसून मी मागच्या चाकातला एक स्पोक काढला, दगडावर ठोकून वाकवला, आणि पाय आतून शिवून टाकला, वरून दिसणार नाही असा. कुणाला सांगितलं नाही. बायकोला, सुंदराबाईलाही नाही, आणि ती तर आता सांगण्यापलीकडे गेली.

महिपतीने कठडा धरला. शेजारून पीएमटीची बस धडधडत गेली, पूल हलला, की तोच हलला... दोर सैल झाला होता, गोधडी घसरली होती. आरशाच्या डाव्या कडेला, खालच्या अंगाला, धुळीचे पाचसहा बारीक गोल दिसत होते. टिकल्या काढल्या तरी डिंक उरतो आणि त्यावर धूळ बसते. रोज निजताना कपाळावरची टिकली काढून आरशाला लावायची सवय... उल्काच्या आईची होती, आणि तिचं पाहून उल्काची. सीतारामने लाकूड रंगवलं, काचेला हात लावायचा कंटाळा केला.

म्हणजे सकाळी कसब्यात, दुकानासमोर दोर आवळताना, सीताराम म्हणाला ते...

“हडपसरचा माल आहे, महिपतराव. बाईनं अख्खा संसार विकायला काढला. पलंग, कपाट, सगळं.”

आणि आपण काय म्हणालो? हडपसर म्हटल्यावर मनात काही आलं कसं नाही? हडपसर काय लहान आहे, लाखो माणसं... पण आलं कसं नाही? आपण म्हणालो, “आरसासुद्धा? मग बाईला तोंड दाखवायला जागा उरली नसणार!” सीताराम खो खो हसला. त्या एका वाक्यावर त्याने दुसरा चहा मागवला, आणि आपण तो प्यालो. माझ्या लेकीवर हसून मी चहा प्यालो.

आणि वाक्यही नवं नव्हतं. गणपतीत उल्का एकटीच आली होती, पायरीवर बसून म्हणाली होती, “बाबा, मला तिथं राहवत नाही. प्रज्ञेशबरोबर आता नाही जमणार.” तो म्हणाला होता, “नऊ वर्षं राहिलीस ना? उद्या मला पेठेत तोंड दाखवायला जागा राहील का?” तिने चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि गेली. त्यानंतर दर रविवारी फोनवर सगळं बरंच होतं. तो विचारायचा, आरसा पुसतेस ना? ती म्हणायची, पुसते. काल रविवारीच म्हणाली होती.

उल्काला फोन लावताना बोटाचं रक्त फोनला लागलं. ती लगेच बोलली, घाबरून.

“बाबा? आज सोमवार ना? बरं आहे ना तुम्हाला?”

“मला काय धाड भरलीय. तू कुठे आहेस?”

“घरीच.” तिच्या मागून कुणा बाईचा अनोळखी आवाज आला – उल्का, तुझी बादली उचल गं, नळ जायचाय. उल्काने फोनवर हात धरला असावा. मग पुन्हा आली. “बोला.”

काय बोलायचं? जीभ जुन्या वाटेनेच गेली. “आरसा पुसतेस ना?”

“आत्ताच पुसला.” मग ती हसली, रडल्यासारखी. “आणि बाबा, तो पायही टिकलाय अजून. तुम्ही स्पोकनं शिवलेला.”

“तुला... तुला माहीत होतं?”

“पहिल्याच दिवशी झाडताना बोटाला लागला. कुणाला बोलले नाही. म्हटलं, सासरच्यांपुढे तुमची मान खाली नको जायला.”

नऊ वर्षं. तो तिच्यापासून लपवत होता आणि ती त्याच्यासाठी. आणि तिने एकदा, फक्त एकदा, आपला चिरलेला पाय त्याच्यापुढे ठेवला तर त्याला शिवता आला नाही.

रुपालीबाईंचा फोन मधेच वाजू लागला. त्याने वाजू दिला. उघड्या आरशातून ऊन रस्त्यावर उडत होतं, एक स्कूटरवाला डोळ्यांवर हात घेऊन ओरडला, “काका, झाका की ते!” झाकायला हवं होतं. आरशात एक म्हातारा फोन कानाला लावून तोंड उघडून उभा होता. साऱ्या पेठेला तोंड दाखवायची चिंता या माणसाने जन्मभर केली, आणि आता एका माणसापुढे, कुठल्याशा खोलीत बादली घेऊन उभ्या असलेल्या एकाच माणसापुढे कोणत्या तोंडाने जायचं, ते त्याला कळत नव्हतं.

“बाबा, ऐकताय ना?”

“ऐकतोय,” तो म्हणाला. “उल्का, मी...”

पुलाच्या पुढे कर्वेनगर होतं. मागे कुठेतरी ती होती, आणि कुठे ते विचारायलाही जीभ उचलत नव्हती. त्याचा उजवा हात पुन्हा टेबलाच्या पायाशी गेला होता, अंगठा त्या टोकावर दाबलेला. दुखत होतं चांगलंच, आणि तिथून काढावासा वाटत नव्हता.