कंसातली बेल

निवृत्त टायपिस्टबाईंना घरबसल्या काम मिळालं, तेव्हा त्यांचा भाचा फोनवर करवादला, "मावशी, हे लोकांना टोप्या घालायचे धंदे असतात. आधी किती पैसे भरायला लावले?"

"एक छदामही नाही. उलट माझीच परीक्षा घेतली," मावशी ठसक्यात म्हणाल्या.

काम सरळ होतं. हेडफोन लावून मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकायची आणि शब्दन् शब्द टाइप करायचा. खोकला, हसू, खुर्चीची करकर, सगळं कंसात लिहायचं. दिवसभर कानात माणसं बोलत असायची. मावशींशी मात्र त्यातलं कुणीच बोलत नसे.

एक दिवस तपासणाऱ्या बाईंनी मजकूर परत पाठवला. "बाकी चोख आहे. पण बाराव्या मिनिटाला तुम्ही 'दाराची बेल, तीनदा' असं लिहिलंय. रेकॉर्डिंगमध्ये बेल नाही."

मावशी भडकल्या. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या कामात खोट काढायची कुणाची छाती झाली नव्हती! त्यांनी ते मिनिट पाच वेळा ऐकलं. बेल खरंच नव्हती.

मग त्यांचे हात कीबोर्डवरच थबकले. लगबगीने उठून त्यांनी दार उघडलं. जिना रिकामा होता. मजकूर परवा टाइप केलेला. तीनदा बेल वाजवणारं माणूस आजपर्यंत कशाला थांबतंय?

त्यांनी कंसातली ती ओळ खोडली आणि मजकूर पाठवून दिला. तेव्हापासून त्या एक कान उघडा ठेवूनच काम करतात.

बेल अजून वाजलेली नाही.