डावा कान कुणाचा?

तो मंगळवार होता, सकाळचे सव्वानऊ. प्रयोगशाळेचं प्राणिगृह, पिंजरा क्रमांक सात. मी उंदीर बोलतोय. पांढरा, वय चार महिने, डाव्या कानाला खाच. नाव नाही, खाच हीच माझी ओळख.

आम्ही वीस जण इथंच जन्मलो. पिंजरे सांभाळणाऱ्या मामांनी दहा जणांचा उजवा कान कातरला, दहा जणांचा डावा. वहीत लिहिलं होतं: उजव्यांना लस, डाव्यांना नुसतं मिठाचं पाणी.

लस इथं संशोधन करणाऱ्या ताईंची. चार वर्षं खपून त्यांनी न्यूमोनियाच्या जिवाणूच्या अंगावरचं एक प्रथिन वेगळं काढलं होतं. चोराला घरात न घेता त्याचा नुसता अंगरखा पहारेकऱ्याला दाखवून ठेवायचा, असा प्रकार. मग सगळ्यांना खरा जिवाणू दिला. दहापैकी डावे नऊ वाचले, उजवे नऊ गेले. गेलेले माझे भाऊच होते. वहीत त्यांची नोंद फक्त आकड्यात आहे.

त्या मंगळवारी प्रयोगशाळेचे प्रमुख साहेब वही आपटत आले. "मिठाचं पाणी टोचलेले टुणटुणीत आणि लसवाले आडवे! अगं, लस बनवलीस की विष? बारापर्यंत काम बंद केल्याचं लिहून दे."

ताई चष्मा पुसत राहिल्या, तो स्वच्छ असूनही.

मामा भुसा बदलत होते. म्हणाले, "ताई, डावा कान म्हणजे कुणाचा डावा? तुमचा की याचा?"

"म्हणजे?"

मामांनी मला मानगुटीला धरून उचललं, पोट ताईंकडे. "सुई टोचताना असंच धरता ना? खाच कुठं दिसते?"

"उजवीकडे."

मला टेबलावर ठेवलं, शेपूट ताईंकडे. "आणि मोजताना?"

"डावी... अगंबाई! म्हणजे लस यालाच दिली मी!"

"तेच म्हणतोय. हा पठ्ठ्या उगाच नाही एवढा माजलाय."

साहेब मामांवरच उखडले. "मग आधी बोलायला काय झालं होतं?"

"साहेब, बावीस वर्षं तुम्ही मला एकच विचारता, भुसा बदलला का. बदललाय."

ताई इतक्या मोठ्यानं हसल्या की मी पाण्याच्या बाटलीमागे लपलो. जिवाणू देण्याआधी माझ्या शेपटीतून काढून ठेवलेलं थेंबभर रक्त तपासलं. त्या प्रथिनाशी लढणारी फौज त्यात ठासून भरली होती. लस पास! बारा वाजले, पण काम काही बंद झालं नाही.

मी मजेत आहे. आता कानांऐवजी शेपटीवर रंगाचे पट्टे मारतात. माझा निळा आहे. मागणं एकच आहे, आणि ते मी ओरडून मागतोय: जुन्या वह्या उघडा.

कारण कान बघून मोजायच्या याच पद्धतीनं या खोलीत याआधी पाच लसी निकामी ठरवून बंद केल्या. तेव्हा डावा कान कुणाचा धरला होता, हे मामांनी साहेबांना लेखी विचारलं. त्याला सात आठवडे झाले. उत्तर आलेलं नाही.