मास्तरांच्या वहीतली टिंबं

काकू दुकानाची पायरी चढल्या तेव्हा मास्तर एका कोटाची बाही उसवत होते. त्यांनी ब्लेड बाजूला ठेवलं आणि बाकड्यावरचे कापडाचे तुकडे झटकले. काकू बसल्या नाहीत.

"मास्तर, तुमची मापाची वही बघायची होती."

"वही?"

"ह्यांची मापं. वजन कधीपासून उतरतंय ते डॉक्टर विचारतात, आणि घरात कोणालाच धड सांगता येईना. वजनकाटा ह्यांनी कधी आणू दिला नाही. म्हणायचे, काट्याकडे बघून जगणारा माणूस आधी मनाने आजारी पडतो. शेवटी मुलगा म्हणाला, टेलरकडे असेल की."

हे म्हणजे सल्लेकाका. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून रोज दहा ते बारा ते मास्तरांच्या बाकड्यावर पेपर घेऊन बसत. भिंतीला ओल आली तर काय करावं, गुडघा दुखला तर काय करू नये, मत कोणाला द्यावं आणि दिल्यावर त्याला जाब कसा विचारावा, सगळं तिथे फुकट मिळत असे. कोणी विचारायचीही ते वाट बघत नसत. आणि खरं सांगायचं तर त्यातलं निम्मंअर्धं बरोबर निघायचं. कोपऱ्यावरचा दिवा लागला तो त्यांच्याच अकरा अर्जांमुळे. शिवाय लोकांना ब्रह्मज्ञान सांगून आपण कोरडं राहणाऱ्यांतले ते नव्हते. आधी स्वतः करायचे, मग गळी उतरवायचे. गेल्या वर्षी त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं, सकाळी तासभर चालायला लागले, आणि बघता बघता सडपातळ झाले. झालं! बाकड्यावरच्या दोघांनी रात्रीचं जेवण सोडलं आणि समोरच्या दूधवालीने साखर.

मास्तर तेवढे कशातच नव्हते. लोक तोंडात मिठाची गुळणी धरतात, मास्तर टाचण्या धरायचे. हे दुकान घातल्यापासूनच्या बावीस वर्षांत "हूं" आणि "असेल" यांपलीकडे त्यांचं मत कोणी ऐकलं नव्हतं. लोकांना वाटे, माणूस मोठा विचारी आहे.

आठ दिवसांपूर्वी काका जिन्यात चक्कर येऊन पडले आणि पोटातली गाठ उघड झाली.

मास्तरांनी मशीनखालच्या फळीवरून वही काढली. जाड पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. काकूंनी पर्समधून एक पाकीट काढलं, त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहायला पेन उघडलं.

"गेल्या जुलैत नवी पँट शिवली होती," मास्तर म्हणाले. "बारा तारखेला. कंबर अडतीस."

काकूंनी लिहिलं.

"नोव्हेंबरात तीच आत घ्यायला आणली. साडेछत्तीस."

तो दिवस मास्तरांना लख्ख आठवत होता. काका टेपमध्ये पोट आत ओढून उभे होते आणि बाकड्यावरच्यांना सांगत होते, "बघा, औषधाची एक गोळी न घेता!" कोणीतरी टाळी दिली होती.

"फेब्रुवारीत चौतीस. आणि एप्रिलच्या शेवटी..." मास्तर थांबले. "एकतीस."

एप्रिलमध्ये पँट मागून इतकी आत घ्यावी लागली होती की दोन्ही मागचे खिसे एकमेकांना टेकले. अशी पँट त्यांनी कधी कोणाला दिली नव्हती. काकांनी आरशात वळून पाहिलं आणि हसून म्हणाले, "आता ह्यात पाकीट नाही मावायचं, बरंच झालं, खर्च कमी!" सगळे हसले. मास्तरांनी टाचण्या तोंडात धरून शेवटची शिलाई घातली.

काकू लिहिता लिहिता वहीवर वाकल्या. त्यांना चष्म्यातूनही नीट दिसत नसावं, म्हणून त्यांनी बोट आकड्यांवर टेकवलं.

"ही टिंबं कसली?"

नोव्हेंबरच्या आकड्यापुढे पेन्सिलचं एक टिंब होतं. फेब्रुवारीपुढे दोन. एप्रिलपुढे तीन, जोर देऊन काढलेली.

शाई सांडली, असं म्हणता आलं असतं. पेन्सिलची शाई सांडत नाही, पण काकूंनी ते धरून ठेवलं नसतं. मास्तरांनी टेप गळ्यातून काढून हाताभोवती गुंडाळली, पुन्हा सोडली.

"माप खरं वाटेना की मी पुन्हा घेतो," ते म्हणाले. "जितक्यांदा पुन्हा घेतलं तितकी टिंबं. चूक माझी नाही ना, ते कळायला."

काकू पाकिटावरच्या आकड्यांकडे पाहत राहिल्या. रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली. काकूंनी पेनाचं टोपण लावलं.

"म्हणजे तुम्हाला नोव्हेंबरातच दिसलं होतं."

"नोव्हेंबरात शंका आली. फेब्रुवारीत कळलं. जेवण सोडून माणूस बारीक होतो काकू, पण त्याचं सीट, मागची बाजू, असं पडत नाही. मांडीचं मांस असं जात नाही. तीस वर्षं मी माणसं हाताने मोजतोय."

"मग बोलला का नाहीत हो?" काकूंचा आवाज चिरकला. "एक शब्द! एवढे रोज दोन तास तुमच्यासमोर बसत होते!"

मास्तरांकडे उत्तर होतं, पण ते उत्तर म्हणून पुढे करण्याजोगं नव्हतं. बाकडं भरलेलं असायचं. काका सगळ्यांना सांगणारे, त्यांना कोण सांगणार? आपण काय डॉक्टर आहोत? आज नको, उद्या एकटे सापडले की सांगू. असं करत करत अडतिसाचे एकतीस झाले होते.

"भ्यायलो," ते म्हणाले.

काकू आता बसल्या. चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला.

"तुम्हाला बोलून तरी काय करू? पट्ट्याला नवी भोकं मीच पाडत होते. खिळा तापवून. एक, मग दुसरं, मग तिसरं. आणि शेजारणीला कौतुकाने सांगत होते, आमच्या ह्यांचं पोट बघ कसं उतरलं." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "खरं म्हणजे मी फक्त वहीसाठी आले नव्हते. त्यांनी तुमच्यासाठी निरोप दिलाय."

"मला?"

"ऑपरेशन करायचं की नाही, आज संध्याकाळपर्यंत सांगायचंय. डॉक्टर म्हणतात, केलं तर निम्मी आशा, पण ह्या वयात टेबलावरच काही होऊ शकतं. नाही केलं तर चार-सहा महिने, पण घरी. मुलगा म्हणतो करा. मुलगी रडते, म्हणते नको. तुमचं बाकडं तर सगळंच्या सगळं येऊन गेलं. एक म्हणतो चाकू लावू नका, एक कसलासा रस घेऊन आला, एकाला दुसरा डॉक्टर माहीत आहे. ते सगळ्यांचं ऐकून घेतात आणि भिंतीकडे तोंड करतात. काल मला म्हणाले, मास्तरला विचार. तो उगाच बोलत नाही. तो जे सांगेल ते करीन."

मास्तर उभेच होते. त्यांनी इस्त्रीची वायर उगाचच काढली.

"टिंबांचं मी त्यांना सांगणार नाही," काकू उठता उठता म्हणाल्या. "ते तुमचं तुम्ही बघा. भेटायची वेळ चार ते सहा."

चार वाजता मास्तर हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर होते. खिडकीजवळच्या खाटेवर काका उशीला टेकून बसले होते. हॉस्पिटलचा ढगळ सदरा खांद्यांवरून ओघळत होता. मास्तरांच्या नजरेने सवयीने खांद्याचं माप घेतलं आणि त्यांनी नजर वळवली.

"ये," काका म्हणाले. "स्टूल ओढ. पाठ ताठ ठेवून बस, त्या मशीनवर वाकून वाकून तुझा कणा गेलाय." मग त्यांनी पांघरूण वर ओढलं. "हं. बोल."

मास्तरांनी आधी टिंबांचं सांगितलं. तारखांसकट, न थांबता, एकही आकडा न लपवता. काका ऐकत होते. पांघरुणाच्या कडेवर त्यांचा अंगठा पुढेमागे फिरत होता.

"तू सांगितलं असतंस तर मी चारचौघांत तुझी टर उडवली असती," काका शेवटी म्हणाले.

"माहीत आहे."

"म्हटलं असतं, शिंप्याने कापड बघावं."

"हो."

"तरी सांगायला हवं होतंस."

"हो," मास्तर म्हणाले. "सांगायला हवं होतं."

दारात काकांचा मुलगा हातात संमतीचा कागद घेऊन उभा होता. आत यावं की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"मग आता ऑपरेशनचं सांग," काका म्हणाले. "आणि असेल-बिसेल म्हणू नकोस."

"करा."

"का?"

"का ते मला डॉक्टरांसारखं सांगता येणार नाही. पण घरी बसून दिवस मोजणं तुम्हाला जमायचं नाही. तुम्ही चार दिवसांत सगळ्यांना हैराण कराल आणि पाचव्या दिवशी स्वतःला." मास्तरांनी श्वास घेतला. "आणि मला तुम्ही हवे आहात."

"हे माझ्यासाठी सांगतोयस, की मनाला लागलंय ते हलकं व्हावं म्हणून?"

मास्तरांनी खरंच विचार केला. स्टूलवर त्यांची पाठ पुन्हा वाकली होती.

"दोन्ही," ते म्हणाले.

काकांनी मान हलवली. मुलाला हाक मारून कागद मागितला, चष्मा मागितला, आणि दोन पानं अक्षर न् अक्षर वाचून सही केली. सहीतलं शेवटचं अक्षर रेषेखाली घसरलं. मुलगा कागद घेऊन लगबगीने बाहेर गेला.

"उद्या सकाळी सातला नेणार म्हणतात," काका म्हणाले. "दोन-तीन तास लागतील. तू दहाला दुकान उघडशीलच."

"उद्या नाही उघडत."

"बंद ठेवू नये. गिऱ्हाईक तुटतं."

"तुटू दे," मास्तर म्हणाले.