दोराच्या टोकाची गाठ

शुभांगीच्या टाचेचं हाड फुटलं नोव्हेंबरात, आणि फेब्रुवारी सरला तरी तिच्या घरची वर्दळ काही कमी झाली नाही. नातेवाईक एकदा आले, डाळिंबं ठेवली, 'मुलीच्या जातीला कशाला हवेत हे कडे' असं ऐकवलं आणि गेले ते गेलेच. येत राहिली ती तिच्यासोबत कडे चढणारी माणसं. मखमलाबादच्या मळ्यातल्या त्या घरी रोज एकाची पाळी असायची. गोरक्षदादा गटातला सगळ्यात जुना, त्याने तसा तक्ताच करून सगळ्यांच्या फोनवर टाकला होता. कोणी दवाखान्यात न्यायचं, कोणी व्यायाम घ्यायचा, कोणी नुसतं येऊन बसायचं.

मालनबाई, शुभांगीची आई, आधी कुरकुरली. "लोकाच्या पोरांनी माझ्या पोरीचे पाय चोळायचे, बरं दिसतं का ते?" पण महिनाभरात तीच झेंडू तोडता तोडता बांधावरून ओरडून विचारायला लागली, आज कोण येणार हाय, चहा किती टाकू.

टाचेत धातूची पट्टी आणि सात स्क्रू होते. डॉक्टर म्हणाले, हाड छान बसलंय, फक्त बाहेरच्या कडेला काही दिवस संवेदना राहणार नाही. शुभांगी तिथे बोट लावून बघायची. काही कळायचं नाही. खरं सांगायचं तर तिला बाकीही काही कळत नव्हतं. लोक यायचे, हसवायचे, ती हसायची. जेवण समोर आलं की जेवायची. रडू आलं नाही, राग आला नाही, पुन्हा चढावंसंही वाटलं नाही. सगळे म्हणायचे, काय धीराची आहे. धीर कसला, तिथे काही नव्हतंच.

महेश पाळी नसतानाही यायचा. अंबडच्या कारखान्यातली शिफ्ट सुटली की सरळ मखमलाबाद. शुभांगी पडली तेव्हा खालून दोर त्याने धरला होता.

ते असं झालं. चढणाऱ्याच्या कमरेला दोराचं एक टोक बांधतात, आणि खालचा माणूस हातातल्या उपकरणातून लागेल तसा दोर सोडतो. वर पोचल्यावर त्याच दोरावर चढणाऱ्याला हळूहळू खाली उतरवायचं. मध्येच दोर संपला तर मोकळं टोक उपकरणातून निसटून जाईल, म्हणून त्या टोकाला एक जाड गाठ मारून ठेवायची. गटाचा नियम होता की सकाळी दोर ज्याने सोडवला त्यानेच ती गाठ मारायची. त्या रविवारी दोर महेशने सोडवला होता. शुभांगीला खाली उतरवताना, ती जमिनीपासून पाच मीटरवर असतानाच दोर संपला, टोक त्याच्या हातातून निघून गेलं आणि ती टाचेवर येऊन आदळली. टोकाला गाठ नव्हती.

"मला आठवतंय गं, मी मारली होती," महेश दवाखान्यात पहिल्या दिवशी म्हणाला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मारली असती तर पडली नसतीस." त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. नुसता येत राहिला.

गाठ त्याने मारली होती. शुभांगीला ते तिसऱ्याच दिवशी, सलाइन लावलेलं असताना, लख्ख आठवलं. महेश बाटल्या भरायला झऱ्यावर गेला होता. कड्यावर ऊन यायच्या आत तिला चढायचं होतं. दोराच्या ढिगात गाठीचं टोक वर आलेलं दिसलं. दुसरं टोक शोधत कोण बसणार? तिने गाठ सोडली, तेच टोक कमरेला बांधलं, आणि दुसऱ्या टोकाला गाठ मारायचं राहून गेलं. महेश आला, त्याने तिच्या कमरेची गाठ ओढून पाहिली, पट्टे तपासले. खालचं टोक पाहिलं नाही. ते तर त्याने स्वतःच बांधलेलं होतं.

एवढं आठवूनही ती मूग गिळून बसली. वाईटपणा नव्हता त्यात, निदान तिला तसं वाटायचं. आज सांगू म्हणायची, तो समोर बसून तिची पावलं वरखाली करवून घ्यायचा, दहापर्यंत मोजायचा, आणि सांगण्याइतकं काही आतून वरच यायचं नाही. उद्या सांगू. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर संन्यासी स्वतःच्या पायाने फाशीखाली येऊन उभा राहिला होता, आणि वर चोराचे पाय चोळत होता.

मार्चमध्ये ती कुबड्यांशिवाय चालायला लागली. त्याच आठवड्यात महेशने सहज सांगावं तसं सांगितलं, "प्रेसवरून काढून घेतलं मी स्वतःला. पॅकिंगला आहे आता."

"का?"

"पत्रा दाबायचं मशीन आहे ते. मी बटण बंद केलंय असं मला वाटायचं आणि केलेलं नसलं तर? कोणाचा तरी हात जायचा." थोडा वेळ तो तिच्या पायाकडे बघत राहिला. "मला आठवतंय म्हणजे ते झालंच असेल, असं नाही ना आता."

आता तरी सांग, असं शुभांगी मनात स्वतःला म्हणाली. तोंडातून आलं ते, "चहा घेतोस?"

गटाची आणखी एक रीत होती. कोणी पडलं की, ते चालू लागल्यावर सगळ्यांनी त्याच कड्याखाली जमायचं. पडलेल्याने आधी बोलायचं, मध्ये कोणी बोलायचं नाही. आणि ही बैठक होईपर्यंत त्या दोरावरच्या दोघांनी दोराला हात लावायचा नाही. एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी बैठक ठरली. अंजनेरीच्या अंगाला, अर्ध्या तासाची पायवाट. महेश पुढे चालला होता आणि प्रत्येक निसरड्या जागी थांबून मागे हात देत होता. ती तो हात धरत होती.

अकरा जण सावलीत बसले. गोरक्षदादा म्हणाला, "शुभांगी, हवं तेवढंच बोल. दोघांनी तपासायला हवं होतं, दोघांचं राहिलं. आमच्याकडून विषय संपलाय." सगळ्यांनी माना हलवल्या. किती भली माणसं. तिने नुसतं 'हो' म्हणायचं होतं, मग पोहे निघणार होते.

महेश गुडघ्यांना हातांची मिठी घालून बसला होता. त्याला मान हलवतासुद्धा आली नव्हती.

"गाठ महेशने मारली होती," शुभांगी म्हणाली. "तो पाण्याला गेला तेव्हा मी ती सोडली आणि ते टोक कमरेला बांधलं. दुसऱ्या टोकाला मारली नाही. मला तिसऱ्या दिवसापासून माहीत आहे."

रीतच होती, त्यामुळे मध्ये कोणी बोललं नाही. गोरक्षदादाने तोंडावरून हात फिरवला.

महेश उठून उभा राहिला. आता तो शिव्या देईल असं तिला वाटलं, आणि तिला ते चाललं असतं.

"मी मारली होती," तो म्हणाला. कोणाला सांगत नव्हता. "म्हणजे मी मारली होती."

"हो."

"पाच महिने, शुभांगी."

त्याने खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि तिच्यापुढे धरला. "आईला सांग. तू सांग. मी सांगितलं तर तिला खरं वाटायचं नाही."

महेशच्या आईला, सरुबाईला, ती दोनदाच भेटली होती. देवळाली कॅम्पात त्यांचं घर होतं, मायलेक दोघंच. तिने फोन कानाला लावला. ती काही बोलायच्या आत पलीकडून, दमलेल्या पण न चिडलेल्या आवाजात सरुबाई बोलू लागली.

"बंद हाय रे गॅस, महेश. आत्ताच हात लावून बघितला. मोटर बंद केली, कुलूपबी तूच लावलेलं हाय मागच्या दाराला. सकाळपासून तिसऱ्यांदा इचारतोयस, बाळा. बस निवांत जरा."

शुभांगीला रडू फुटलं. पाच महिन्यांचं होतं ते, चांगलं दिसेल असं नव्हतं. पोटातून कळ यावी तसं आलं आणि थांबेना. समोर महेश उभा होता, तिच्याकडे न बघता, फोन परत घेण्यासाठी हात पुढे न करता. ती सांगून होईपर्यंत तो घेणार नव्हता.

"महेश? कोण रडतंय रे?" सरुबाई विचारत होती. "महेश?"

"मावशी," शुभांगी म्हणाली, "मी शुभांगी बोलतेय."