दगड कुठल्या भिंतीला

"दगड त्या भिंतीला? ताई, डोकं ठिकाणावर आहे ना?" मिस्त्रीने थापी खाली ठेवली. "पाऊस मागच्या बाजूने मारतो. पुढच्या भिंतीला थेंबसुद्धा लागत नाही."

"थेंब लागत नसेल. जाऊबाईंची नजर लागते ना, बस्स."

हे बोलणारी घरातली धाकटी सून. वय बावन्न, पण सगळ्यांच्या तोंडी अजून धाकटीच. सव्वीस वर्षं दवाखान्याच्या शिलाईखोलीत बसून चादरी आणि उशांचे अभ्रे शिवत आलेली. नवरा गेला आणि वाटणी झाली. थोरल्या जावेला बांधलेलं घर मिळालं, हिच्या वाट्याला समोरचा दगडधोंड्यांचा तुकडा आला. ते एक वेळ तिने गिळलं असतं. पण त्याच आठवड्यात थोरलीने म्हाताऱ्या सासूची ट्रंक अंगणात आणून आदळली. "ज्याला एवढा पुळका आहे त्याने न्यावं यांना," म्हणाली. धाकटी ट्रंक उचलायला वाकली, तर वरून, "आणि घर बांधणार म्हणे तू! कशाचं गं, चादरींचं?" शेजारणी दोघी उभ्या होत्या, त्याही फिदीफिदी हसल्या.

या गोष्टीला सात वर्षं झाली होती; ती सासू-सुनेने भाड्याच्या खोलीत काढली होती. धाकटी एक अक्षर विसरली नव्हती. शिवणयंत्रावर पाय चालवताना ती मनातल्या मनात थोरलीला उत्तरं द्यायची, रोज नवीन, एकाहून एक झणझणीत. एक दिवस तिच्या दारात उभं राहून हे सगळं तोंडावर फेकायचं, असं तिने ठरवूनच टाकलं होतं.

आणि आता घर उभं राहिलं होतं. दीड खोलीचं का होईना, स्वतःचं. पक्की वीट परवडेना म्हणून सिमेंटचे पोकळ ब्लॉक आणले. सुट्टीच्या दिवशी तिने स्वतः ते वाहिले, भिंतींना पाणी मारलं, हाताची सालटी निघाली. बाहेरून काय लावायचं एवढंच राहिलं होतं.

मिस्त्री भला माणूस. त्याने मातीत काडीने रेघ मारून समजावलं. "हे ब्लॉक पाणी पितात, ताई. तुमच्या ऐपतीत दोनच गोष्टी बसतात. मागच्या भिंतीला पत्रा ठोकू, बाकी तिन्हीला दोन हात गिलावा. नाहीतर एका भिंतीला तुमचा हा दगड, आणि बाकी सगळीकडे एकच पातळ हात. माझ्या घराला मी पत्राच ठोकलाय. दिसतं पिंपासारखं, पण आत ठणठणीत कोरडं."

"तुमच्यासमोर कोणी जाऊ राहत नाही," धाकटी म्हणाली.

सासू बाजूला स्टुलावर बसली होती. छातीत कायमची घरघर, तरी जीभ तल्लख. "अगं, मागच्या भिंतीला माझी खाट येणार आहे. मला कोरडी भिंत दे. तिला काय दाखवायचंय ते मी मेल्यावर दाखव."

"आई, ट्रंक तुमची बाहेर काढली होती तिने! मी हे तुमच्यासाठी करतेय."

"माझ्यासाठी कसलं? तुझ्यासाठी करतेयस, तसं म्हण की."

दगड पुढच्या भिंतीलाच लागला.

चार दिवस काम चाललं. पिवळसर, खडबडीत, एकाशेजारी एक बसवलेला दगड. चौथ्या दिवशी थोरली पिशवी घेऊन माहेरून परतली आणि अंगणातच थबकली. तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. धाकटीने ते डोळे भरून बघितलं.

"दगड लावलास? एवढं कुठून आणलंस गं?"

"चादरी विकल्या," धाकटी म्हणाली आणि वळून आत गेली. आत जाऊन ती एकटीच हसली. त्या दिवशी तिला जेवण गोड लागलं आणि झोपही गाढ लागली. खोटं कशाला बोला, सूड उगवला की माणसाला फार बरं वाटतं.

ते बरं वाटणं महिनाभर टिकलं. मग थोरलीने ओट्यावर खुर्च्या मांडल्या. संध्याकाळी पाहुणे आले की तिचा आवाज इकडे ऐकू यायचा. "आधी समोर नुसते बोडके ब्लॉक दिसायचे हो. आता बघा कसं छान वाटतं इथे बसायला!" धाकटी आत शेगडीपुढे उभी असायची. तिला स्वतःच्या घरातून तो दगड दिसत नव्हता. तिने भांडी जरा जास्तच जोरात आपटली, एवढंच.

पावसाच्या दुसऱ्या आठवड्यात मागच्या भिंतीवर ओल उमटली. आधी ताटलीएवढी, मग उशीएवढी. धाकटीने तिच्यावर जुनी चादर टांगली. चार दिवसांत चादरही ओली झाली. सासूचा खोकला वाढला. खाट पुढे ओढली तर शेगडीच्या धुराने तिचा जीव कासावीस व्हायचा. बसूनच रात्र काढायची म्हातारी, पण "मी म्हटलं नव्हतं?" असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर धाकटीला सोपं गेलं असतं.

मिस्त्रीने भिंतीवर तळहात ठेवला. "आता पत्रा ठोकतो, पण आत मुरलेलं पाणी सुकायला उन्हाळा उजाडेल."

"आणि तो दगड काढून इकडे लावला तर?"

"तुकडे होतील, ताई. पक्का बसवलाय मी."

दवाखान्यातल्या डॉक्टरने तिला ओळखीची म्हणून बाजूला घेऊन सांगितलं, "यांना कोरड्या खोलीत हलवा. आजच. अशा ओलीत त्या पावसाळा काढणार नाहीत."

कोरडी खोली एकच होती. धाकटीने घरी येऊन ट्रंक भरली. सासू बघत राहिली. "नको गं. तिच्या दारात नको जाऊस. मी राहते इथेच."

"चला," धाकटी म्हणाली. "माझ्यापायी नका मरू हो आई."

एका हातात ट्रंक, दुसऱ्या हाताने म्हातारीला धरलेलं, अशी ती अंगण ओलांडून गेली. वीस पावलांत सासू तीनदा थांबली. थोरलीने दार उघडलं. आधी ट्रंक बघितली, मग सासूच्या निळसर पडलेल्या ओठांकडे बघितलं. ती दारातून बाजूला झाली.

धाकटी उंबऱ्याबाहेरच थांबली. सात वर्षं जमवलेलं सगळं बोलणं घेऊन ती अखेर त्या दारात उभी होती. तिने ट्रंक हलकेच आत ठेवली.

"त्यांना दोन उशा लागतात," ती म्हणाली. "एकीवर धाप लागते."