मी वाहिलेलं औषध

मी एक जुना फवारणी पंप आहे. माझी पितळी टाकी एका तांबटाने ठोकून घडवली. मालक मला पाठीवर घेऊन वांग्यांच्या ओळींतून फिरायचा. शेतात माझ्या पोटातल्या पाण्याला सगळे औषध म्हणत. फळ टवटवीत यायचं. "हा माझा उजवा हात," असं मालक सांगायचा, आणि मित्रांनो, मी फुगून जायचो.

मालक वांगी शहरात हातगाडीवर विकायचा. शहर मी पाहिलं नाही. तिथलं सारं तो दारात बसून बायकोला सांगायचा, तेच मी ऐकलं.

एका गल्लीतली शिक्षिका त्याची जुनी गिऱ्हाईक. एकदा ती म्हणाली, "दादा, तुम्ही शेतकरीच माती नासवता, पाणी नासवता. आम्हाला विष खाऊ घालता."

त्या दिवशी मालक जेवला नाही. "खोटं नाही बोलली ती," म्हणाला आणि त्याने मला खुंटीला अडकवलं.

मला वाईट वाटलं, पण मालकीण हरखली. तिने बांधावर मधमाश्यांच्या तीन पेट्या ठेवल्या. लेक सासरी गेल्यापासून तिचं घर मुकं झालं होतं. पेटीला कान लावून ती म्हणायची, "आता कसं भरल्यासारखं वाटतं."

दोन हंगाम दोघांनी हाताने अळ्या वेचल्या. तरी निम्मी वांगी किडली. शिक्षिकेने एक मोडून पाहिलं.

"दादा, किडकी विकता होय?"

"बाई, औषध मारलं नाही म्हणून अळी आहे. तुम्हीच बोलला होतात."

"ते खरं हो. पण घरात खाणार कोण?" असं म्हणून तिने शेजारच्या गाडीवरची चकचकीत वांगी घेतली.

तिचं तरी काय चुकलं? पण मालकाची गाडी तीन आठवडे भरलेलीच परत आली. चौथ्या आठवड्यात त्याने मला खाली काढलं.

मालकीण आडवी आली. "अहो, झाडं फुलावर आहेत. माझ्या माश्या मरतील."

"मग सगळी वांगी तूच खा," तो म्हणाला. असं तो तिच्याशी कधी बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पेट्यांखाली मेलेल्या माश्यांचा थर पडला होता. काहींचे पाय अजून हलत होते. मालकीण सुपलीत त्या गोळा करत होती. मालक जवळ गेला. "अगं..." एवढंच म्हणाला. तिने मान वर केली नाही.

त्याने मला गोठ्यामागे फेकून दिलं. तिथेच मी काळवंडत पडलोय. घरातून आता दोघांचं बोलणं ऐकू येत नाही.

मित्रांनो, विष मीच ओतलं. ते पाप मी कुणाच्या माथी मारत नाही. शेतकऱ्याचं चुकलं तर त्याला जरूर बोला. पण त्याने तुमचं ऐकलं, तर मग त्याला सोडून जाऊ नका. एकट्याला ते झेपत नाही.